सरदारचं काळीज

"अजून थोडे घाल," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, पोट फुटेल त्याचं."

"काही फुटत नाही. खादाड आहे मेला."

मगदूम डॉक्टरांच्या गच्चीवर मी उकिडवी बसले होते आणि माझ्या तळहातावरचे शेंगदाण्याचे तुकडे सरदार टकाटक टिपत होता. सरदार म्हणजे डॉक्टरांचं शर्यतीचं कबुतर. राखाडी अंग, मानेवर हिरवी-जांभळी झाक, आणि चाल अशी की निम्मी इचलकरंजी याच्याच नावावर असावी. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून खालच्या फाटकावर नजर ठेवून होत्या. डॉक्टर देवळातून परत यायच्या आत आम्हाला हे काम उरकायचं होतं. मालक दाण्याची वाटी घेऊन वर आला की सरदारनं चोचसुद्धा उघडायची नाही, हा आमच्या कटाचा पहिला भाग होता.

"आले, आले! टरफलं उचल," वहिनी कुजबुजल्या, आणि दुसऱ्याच क्षणी चेहऱ्यावर अशी काळजी आणली की क्षणभर मलाही सरदारची चिंता वाटली.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली. मी तेव्हा नुकतीच लहान मुलांची डॉक्टर होऊन गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले होते. डॉक्टर बाहुबली मगदूम तिथले सोनोग्राफीचे प्रमुख. त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते आणि रात्रीचं जेवण त्यांच्या पत्नीच्या, सुवर्णा वहिनींच्या हातचं होतं. सहा महिने काढायचे आणि पुण्याला पळायचं, असा माझा बेत होता.

डॉक्टर वर आले. सरदारसमोर दाणे धरले. सरदारनं मान फिरवली.

"काय झालं रे, राजा?"

"काल संध्याकाळपासून असाच बसलाय," वहिनी म्हणाल्या. "धाप लागल्यासारखी छाती हलवतोय. मला तर बाई लक्षण बरं दिसत नाही."

डॉक्टरांनी सरदारला दोन्ही हातांत घेतलं, छातीखालून, गळ्याखालून बोटं फिरवली. वहिनींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"रविवारी शर्यत आहे," ते एवढंच म्हणाले.

मी अगदी भोळेपणानं म्हटलं, "सर, छातीत काही असेल तर आपल्या मशीनवर एकदा बघायला काय हरकत आहे? दुपारी खोली रिकामीच असते."

सरदारला छातीशी धरून ते जिना उतरले. वहिनींनी मला डोळा मारला. पन्नाशीच्या बाईनं मारलेला तो मी पाहिलेला पहिला डोळा.

आता हा उद्योग कशासाठी, तर आदल्या दिवशीच्या एका बाळासाठी.

नसीम मुल्लाणी नावाची एक बाई तिच्या तीन आठवड्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. नवरा मागावर कामाला. "दूध ओढताना मधीच थांबतीय ओ डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "दमतीय. आन् रडली की ओठ जांभळं पडत्यात. सासू म्हनतीय, जांभळं खाल्ली असशील तू." मी छातीला नळी लावली तर ठोक्याठोक्यामध्ये खरखर ऐकू आली. खरखरीत आणि जोरात. मला वाटलं, हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप नीट उघडत नसावी. मी तिला मगदूम सरांकडे पाठवलं आणि मागोमाग स्वतःही गेले.

सरांच्या खोलीत गेलं की प्रदर्शनात आल्यासारखं वाटायचं. भिंतीवर यकृतांची, मूत्रपिंडांची, पित्ताशयांची छायाचित्रं चौकटीत घालून लावलेली. खोटं कशाला बोलू, ती सुंदर होतीच. अख्ख्या जिल्ह्यात असं तलम चित्र कुणाला काढता येत नसे. त्यासाठी त्यांनी मशीनची सगळी बटणं एकदा मनासारखी लावली होती आणि कुणी हात लावू नये म्हणून वर पांढरी चिकटपट्टी मारून टाकली होती. खाली तळापर्यंत दिसेल इतकं खोल, या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत रुंद, रेघा दाट, आणि वर चित्र लोण्यासारखं गुळगुळीत व्हावं अशी सोय. पोटाला जी मांडणी, काळजालाही तीच.

त्यांनी बाळाच्या छातीवर मशीनचा प्रोब ठेवला. पडद्यावर हृदय उमटलं. देखणं, मऊ, आणि झोपेत कूस बदलावी तसं हलणारं.

"झडप स्वच्छ आहे," सर म्हणाले. "बाकी सगळं जागच्या जागी. घरी न्या."

"सर," मी म्हटलं, "चित्रं फार सावकाश येतायत. जरा कमी खोल बघितलं, आणि फक्त झडपेपुरतं अरुंद केलं तर..."

"चित्र खडबडीत होईल."

"पण भराभर येईल."

"शिंत्रे," ते खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "घाईचं चित्र म्हणजे घाईचा स्वयंपाक. पोट भरतं, पण ताटाकडे बघवत नाही."

खोलीतले सगळे हसले. नसीमसुद्धा हसली, कारण तिला घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी तिला दाराबाहेर गाठून म्हटलं, पुण्याला दाखवून या. तर ती म्हणाली, "मशीनात काय निघालं न्हाई ना? मग? मोठ्या डॉक्टरांचं सोडून तुमचं ऐकलं तर घरचे मला काय म्हनतील?" तिचं काही चुकत नव्हतं. मी एवढंच करू शकले. वजन नीट भरत नाही असं सांगून तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून घेतलं.

रात्री जेवताना माझं ताट तसंच भरलेलं राहिलं. सर कबुतरांना कोंडायला गच्चीवर गेले होते. वहिनींनी विचारलं आणि मी सगळं भडाभडा बोलले.

"मला कळेल असं सांग," त्या म्हणाल्या.

"मशीन अख्खं चित्र एकदम काढत नाही. आवाजाची एक रेघ आत सोडतं आणि तिचा पडसाद परत येईपर्यंत थांबतं. मग शेजारची रेघ. अशा शे-दोनशे रेघा झाल्या की एक चित्र. जितकं खोल बघायचं तितका पडसाद उशिरा येणार. जितकं रुंद, तितक्या रेघा जास्त."

वहिनींच्या माहेरी कापडाचे माग होते. त्या लगेच म्हणाल्या, "पन्हा मोठा, म्हणून माग हळू."

"अगदी तसंच. यकृत कुठं पळून जात नाही, त्याला चालतं. पण या पोरीचं काळीज सेकंदाला अडीच वेळा उडतंय आणि सरांची चित्रं येतायत सेकंदाला पाच. म्हणजे एका ठोक्याला दोनच! झडप कधी उघडली, कधी मिटली, अर्धीच उघडली का, दिसणार कुठनं? वर गुळगुळीत दिसावं म्हणून मशीन मागचं चित्र पुढच्यात कालवतं."

"मग हे त्यांना सांग की."

"सांगितलं ना. स्वयंपाकावर घसरले."

"सांगून ऐकणारे असते तर ही कबुतरं मी केव्हाच विकली असती," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ताटात भाकरीचा तुकडा मोडला. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "कबुतराचं काळीज किती वेगानं उडतं गं?"

"हातात धरलं की घाबरतं. सेकंदाला पाचेक वेळा उडत असेल. म्हणजे सरांच्या मशीनवर एका ठोक्याला एकच चित्र, दर वेळी तेच."

आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वर गच्चीवर सर सरदारशी लाडानं बोलत असल्याचं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरचा तो प्रकार झाला आणि दुपारी हॉस्पिटल ओस पडलं तेव्हा सर आले. हातात झाकणाची टोपली, वर टॉवेल. दारात इकडेतिकडे बघून त्यांनी टोपली आत घेतली आणि कडी लावली. वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या, डब्याचं निमित्त करून.

"तू धर," सर मला म्हणाले. "लहान जीव धरायची सवय तुला."

मी सरदारला टॉवेलमध्ये गुंडाळून उताणा धरला. सरांनी पोटावरची पिसं हळुवार बाजूला केली आणि हातावर ऊन करून जेल लावलं. बाळांच्या वेळी जेल ऊन केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. छातीच्या हाडाखालून प्रोब टेकवला. पडद्याच्या वरच्या कडेला, एवढ्याशा जागेत, सरदारचं काळीज दिसलं. सरांनी तेवढाच भाग मोठा करून घेतला.

तो मऊ, राखाडी, गोल गोळा होता. फारच सुरेख. आणि तो हलत नव्हता.

सर थोडे पुढे झुकले. प्रोब जरासा सरकवला. पुन्हा तोच गोळा, नदीच्या पात्रातल्या गोट्यासारखा निवांत. कडेला एखादी सावली सरकल्यासारखी वाटायची आणि जिरून जायची.

"हलत नाहीये," सर म्हणाले.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या.

"हलत नाहीये म्हणजे काय? ठोका कुठाय?" त्यांचा आवाज चिरकला. "सुवर्णा, हा थांबलाय!"

सरदारनं मान उचलून त्यांच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. मग टॉवेलमधून एक पाय सोडवून घेतला आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर जे करायचं ते निवांतपणे केलं.

"मेलेलं पाखरू एवढं करत नाही हो," वहिनी म्हणाल्या.

सरांनी छातीवर बोट टेकवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बोटाखाली काय चाललं होतं ते मला माझ्या तळहातातही जाणवत होतं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. त्यांची नजर बोटावरून पडद्यावर गेली आणि पडद्यावरून पुन्हा बोटावर आली. कपाळावर घाम फुटला होता.

"हाताला लागतंय," ते पुटपुटले. "डोळ्याला दिसत नाही."

तोंडाशी आलेला शब्द मी दातांनी धरून ठेवला. आयुष्यात एवढी गप्प मी क्वचितच बसले असेन.

सरांनी चिकटपट्टीचं टोक नखानं उचललं आणि खर्रकन ओढलं. दुसरी ओढली. बटणांवर जुना डिंक चिकटला होता, तो अंगठ्यानं खरडून काढला. आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं, कारण या माणसाला सगळं येत होतं. कुठलं बटण काय करतं हे त्यांना पडद्याकडे न बघता ठाऊक होतं. त्यांनी आधी खोली कमी केली, पार चार बोटांवर आणली. मग दोन्ही बाजूंनी रेघांचा पंखा आवळून चिंचोळा केला. चार ठिकाणी लावलेला फोकस एकाच ठिकाणी आणला. शेवटी चित्रं एकमेकांत कालवणारं बटण शून्यावर नेलं.

पडदा खडबडीत झाला. मुंग्या पसराव्यात तसा. आणि त्या मुंग्यांच्या मध्यावर सरदारचं काळीज धावायला लागलं. मिटत होतं, फुलत होतं. झडपांच्या दोन बारीक पाकळ्या लखलख उघडत होत्या आणि फटाफट बंद होत होत्या.

दूरच्या मागांची खडखड तेवढी खिडकीतून आत येत होती.

बऱ्याच वेळानं सरांनी प्रोब उचलला, सरदारचं पोट कापसानं पुसलं आणि त्याला टोपलीत ठेवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ती मुल्लाणींची पोरगी कुठं राहते?"

"आईच्या मांडीवर, बाहेर बाकावर आहे सर."

"बाहेर? आत्ता?"

"हो."

"कधीपासून?"

"वजनासाठी बोलावली होती. सकाळपासून."

ते हळूच वळले. आधी मला निरखलं, मग वहिनींना. वहिनी डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते फार बारकाईनं तपासत होत्या.

"बोलाव," सर म्हणाले.

बाळाला टेबलावर ठेवलं. या वेळीही जेल हातावर ऊन केलं. पडदा पुन्हा मुंग्यांनी भरला आणि मध्ये ती झडप दिसली. उघडतच नव्हती. तिच्या पाकळ्या टोकाशी चिकटलेल्या होत्या, आणि प्रत्येक ठोक्याला ती वाऱ्यानं फुगलेल्या पडद्यासारखी पुढे यायची आणि मधल्या सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून रक्त कसंबसं पुढे जायचं. काल हेच सगळं होतं, फक्त दोन चित्रांच्या मधल्या फटीत पडलेलं.

सरांनी ती झडप तीन-चार ठोके पाहिली. नंतर आणखी पाहिली. मग प्रोब खाली ठेवून ते नसीमसमोर उभे राहिले. कोटावर सरदारची निशाणी तशीच होती.

"बाळाच्या हृदयातली एक झडप चिकटलीय," ते म्हणाले. "पुण्यात फुगा घालून ती उघडतात. छाती फाडावी लागत नाही. या आठवड्यातच जायचं. मी आत्ताच तिथं फोन करतो."

नसीमनं पोरीला उचलून घट्ट धरलं. "पन काल तुमीच म्हनला की, सगळं जागच्या जागी हाय."

मला वाटलं, आता सर काहीतरी सांगतील. मशीन जुनं आहे, बाळ रडत होतं, एका रात्रीत बदल झाला. मोठी माणसं असल्या वेळी काय काय सांगतात ते मी तेवढ्या वयातही बरंच ऐकलं होतं.

"काल मी चुकलो," सर म्हणाले. "आज नीट बघितलं."

नसीमनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग कागदावर काय काय लिहायचं ते लिहा. घरात दाखवायला पायजे."

फोन झाला, चिठ्ठी झाली. नसीम गेली, वहिनी टोपली घेऊन रिक्षानं गेल्या. मी निघाले तशी सरांनी हाक मारली.

"शिंत्रे, बस."

मी बसले. आता माझी हजेरी घेतली जाणार, पुण्याला जायचा दिवस बराच अलीकडे आला, असं माझ्या मनात आलं.

"तीस वर्षं मी कबुतरं पाळतोय," ते म्हणाले. "पाखरू हातात घेतलं की पहिलं बोट कुठं जातं? गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवर. सकाळी सरदारची पिशवी शेंगदाण्यांनी अशी ठासून भरली होती की मोजून सांगितले असते."

माझे कान तापले. "मग सर, तुम्ही तेव्हाच..."

"माझी बायको तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाखराची काळजी करत होती. तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय." ते टेबलावरच्या सुटलेल्या पट्ट्या गोळा करू लागले. "तू बोललीस ते मला कळलं नव्हतं असं वाटलं का तुला? रात्रभर डोळ्यासमोर तेच. पण सगळ्यांसमोर तुझी चेष्टा करून बसलो होतो. आता त्याच पट्ट्या त्याच हातानं, कुठल्या तोंडानं काढायच्या? म्हटलं, या दोघींनी कबुतर पुढं केलंय तर कबुतराच्या निमित्तानं जाऊ."

"म्हणजे ते घाबरणं... नाटक होतं?"

"नाटक बघायला आलो होतो," सर म्हणाले. "पण पडद्यावर तो थांबलेला दिसला तेव्हाचा घाम खरा होता."

मुल्लाणींची पोर पुण्याला गेली. झडप उघडली. दोन आठवड्यांनी नसीम तिला घेऊन आली तेव्हा पोरगी बाटलीला अशी लुचत होती की मध्ये श्वास घ्यायलाही तयार नव्हती. सरदार मात्र रविवारच्या शर्यतीत संध्याकाळी चालत आल्यासारखा आला, सगळ्यांत शेवटचा. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पुण्याचा माझा अर्ज टपालात टाकायचा राहिला तो राहिलाच.

पुढच्या हिवाळ्यात सांगलीला डॉक्टरांचं एक संमेलन भरलं. सरांचं व्याख्यान होतं. विषय: हलणाऱ्या अवयवांसाठी चित्रांचा वेग. मी आणि वहिनी मागच्या रांगेत बसलो होतो. सरांनी फळ्यावर आकृत्या काढून सगळं सुरेख समजावलं. जणू हे ज्ञान त्यांना जन्मतःच होतं. मी वहिनींना कोपरानं ढोसलं. वहिनी म्हणाल्या, "ऐक गप."

"एका रुग्णाला तपासताना मला ही गोष्ट जाणवली," सर म्हणाले. "पडद्यावर हृदय पूर्ण थांबलेलं दिसत होतं, आणि रुग्ण शुद्धीत होता."

पहिल्या रांगेतले एक नामवंत गृहस्थ उठले. "डॉक्टर, रुग्णाचं वय आणि वजन सांगाल?"

"वय दोन वर्षं," सर म्हणाले. "वजन साडेतीनशे ग्रॅम."

नामवंत गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जन्मतः वजन म्हणताय का?"

"नाही, आत्ताचं. तब्येत उत्तम आहे. रोज सकाळी उडतो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खं सभागृह हसायला लागलं. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. सर हसले नाहीत. हसण्याचा आवाज पुरता खाली बसेपर्यंत ते हातातला खडू फिरवत उभे राहिले.

"दुसरा रुग्ण तीन आठवड्यांची मुलगी होती," ते म्हणाले. "तिला मी आदल्या दिवशी निरोगी म्हणून घरी पाठवलं होतं. आता तिच्याबद्दल सांगतो."